विहिरीचा नंबर

राणीसावरगावात लिंबाजीला कुणी विचारलं, "पोरगी परभणीला काय शिकायलीय?" तर तो आधी खाकरायचा, टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "चित्रं काढती." समोरचा तेवढ्यावर थांबला तर बरं. पण गावातली माणसं कुठली थांबायला! "अन् मग?" असं विचारायचीच. ह्या 'अन् मग'चं उत्तर लिंबाजीकडं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अपेक्षाकडंही नव्हतं.

ती शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षं मडकी काढली, केळी काढली, बसलेला म्हातारा, उभा म्हातारा, सगळे म्हातारे काढून झाले. हात चांगला होता, ते सगळे मानायचे. पण वर्षाअखेरच्या प्रदर्शनासाठी तिनं आठ चित्रं नेऊन मांडली, तेव्हा पंडित सरांनी एकेक बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अपेक्षा, हे सगळं मी पाहिलंय गं." बास. रागावले असते तर तिनं रडून घेतलं असतं आणि विसरली असती. हे मात्र काळजात रुतलं. ती खोलीवर आली, आठही चित्रं भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि चार दिवस ब्रशला हात लावला नाही.

त्या चार दिवसांत तिनं काय केलं, तर जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन जगभरचं नवं काम बघत बसली. कागद नाही, रंग नाही, नुसत्या तारा आणि नेट. एक पांढरं पान होतं, त्यावर जगातल्या कुठल्याही माणसानं दिवसाला एकच रेघ मारायची. एका ठिकाणी आपण इथं कळ दाबायची आणि तिकडं कुठल्याशा जंगलात झाडाला बांधलेली घंटा वाजायची. घंटेचा आवाज आपल्याला ऐकू यायचा, मागं पक्षी उडालेले दिसायचे. अपेक्षानं ती घंटा किती वेळा वाजवली असेल, तिची तिलाच लाज वाटली.

"आता ह्याला चित्रकला म्हणायचं?" तिची खोलीतली मैत्रीण शुभदा म्हणाली. "आमच्या दाराची बेल बी वाजती की बटन दाबलं की."

"तुला नाही कळायचं," अपेक्षा म्हणाली. तिला तरी नीट कुठं कळलं होतं? एवढंच कळलं होतं, की जिथं आपण कधी जाणार नाही अशा जागेला आपलं बोट लागतंय, आणि त्यानं अंगावर काटा येतोय. असलं काहीतरी आपल्या हातून झालं पाहिजे, नाहीतर आपण आयुष्यभर शाळेच्या भिंतीवर साक्षरतेची चित्रं काढणार, हे तिनं मनाशी धरलं. जीव नुसता टांगणीला लागला.

महाशिवरात्रीला ती घरी गेली. लिंबाजी जेवत होता. ताटातली भाकरी मोडता मोडता त्यानं डाव्या हातानं मोबाईल काढला, एक नंबर लावला, स्पीकरवर टाकला. दोन रिंगा झाल्या आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." लिंबाजीनं फोन खिशात घातला आणि पिठल्याकडं वळला. दोन किलोमीटरवर शेतात पाणी सुरू झालं.

अपेक्षाचा घास हातातच राहिला. हा मोबाईल स्टार्टर घरात येऊन दोन वर्षं झाली होती. विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत एक डबा, डब्यात सिमकार्ड, फोन लावला की मोटर सुरू. गावात निम्म्या लोकांकडं होता. "आबा," ती ओरडलीच, "हे तर आपल्या घरीच हाय की!"

"काय हाय?" लिंबाजी दचकला. "साप?"

मग तिनं सांगितलं. घंटा सांगितली, जंगल सांगितलं, पांढरं पान सांगितलं. लिंबाजीच्या सगळं डोक्यावरून गेलं, पण पोरगी कितीतरी महिन्यांनी हसत बोलत होती, म्हणून तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं मुद्द्याचं विचारलं.

"म्हंजी कुणीबी फोन लावंल?"

"कुणीबी."

"अमेरिकेतला बी?"

"अमेरिकेतला बी."

"अन् त्येला काय भेटंल?"

"पानी दिसंल, आबा. आपलं पानी पडताना."

लिंबाजी खदाखदा हसला. "दिसू दे की मग! पानी बघून कुणाचं वाईट व्हतंय?" मालनबाई, म्हणजे अपेक्षाची माय, चुलीपाशी बसून म्हणाली, "बापलेकीला येड लागलंय." पण तीही हसत होती.

डबा मुळात घरच्या चारच नंबरांचं ऐकायचा: लिंबाजी, मालनबाई, अपेक्षा आणि लिंबाजीचा धाकटा भाऊ महारुद्र. विहीर दोघा भावांत होती. तीन दिवस लिंबाजीची पाळी, तीन दिवस महारुद्राची. वाटण्या झाल्यापासून तेरा वर्षांत पाण्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला नव्हता. एकच बारीक नियम होता. अवसेला, म्हणजे अमावस्येला, शेतात काम नाही, मोटर नाही, म्हणून तो दिवस पाळीत धरायचा नाही. ज्याची पाळी असेल त्याची एक दिवस पुढं सरकायची.

अपेक्षानं गंगाखेडच्या दुकानदाराला विचारून डबा सगळ्यांसाठी उघडा केला. एक मेसेज पाठवला की उघडा, एक पाठवला की बंद, इतकं सोपं. परका नंबर आला तर मिनिटभरानं मोटर बंद करायचा मेसेज तिच्या लॅपटॉपवरून आपोआप जायचा, म्हणजे विहीर उपसायला नको. पाइपासमोरच्या लिंबाच्या झाडाला तिनं जुना मोबाईल बांधला आणि त्यातलं चित्र नंबरासकट नेटवरच्या आपल्या एका पानावर टाकलं, तिथं कुणालाही दोन शब्द लिहिता यायचे. त्यात पाइपाचं तोंड दिसायचं आणि मागं विहिरीच्या काठाचा एक कोपरा. प्रदर्शन महिन्याभरानं, शनिवारी-रविवारी, लिंबाजीच्या पाळीतच. महारुद्रानंही हरकत घेतली नाही. "आमच्या पुतनीचं काम हाय, घ्या की," म्हणाला.

आणि काय सांगावं, काम उचललं लोकांनी! कॉलेजच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर पाइप, खाली नंबर. पोरं फोन लावायची, पाणी भसाभसा पडायचं, पोरं ओरडायची. शनिवारी दुपारपर्यंत पुण्याहून फोन आले, संध्याकाळी परदेशातून. लिंबाजी धुतलेला सदरा घालून लिंबाखाली जाऊन बसला. पाणी पडलं की कॅमेऱ्याकडं बघून हात हलवायचा, कोण बघतंय ते माहीत नसताना. कुणीतरी पानावर लिहिलं, 'त्या काकांना नमस्कार सांगा.' पंडित सर पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि ह्या खेपेला त्यांनी चष्मा काढला नाही. म्हणाले, "बंगळूरच्या एका महोत्सवाला मी हे कळवलंय. त्यांची समिती बुधवारपर्यंत केव्हाही बघेल. तोवर चालू ठेव."

रविवारी संध्याकाळी लिंबाजीचा फोन आला. मागं मायचा भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन स्पीकरवर होता. 

"झालं का गं तुमचं?"

"झालं, आबा. लय भारी झालं."

"मग ते बंद कर आता. वायरचा जोड खराब झालाय, ठिणग्या मारायलाय. उंद्या अवस हाय, परवा बांधून घेतो. बंद केलंस का?"

अपेक्षा अर्ध्या कानानं ऐकत होती. डोळे लॅपटॉपवर, डोक्यात बुधवार. जोड बांधणं, फ्यूज टाकणं, फूटव्हॉल्व्ह काढणं, असलं काहीतरी आबा कायम करतच असायचे. खरं सांगितलं तर म्हणतील, पोरी, पुरं कर. तीन दिवसांचा तर प्रश्न, आणि आता फोनही दिवसाला दोन-चारच.

"केलं, आबा," ती म्हणाली.

"शाबास," म्हणून त्यानं फोन ठेवला.

पोरीनं खोटं का बोलावं, असं आता आपण इथं बसून म्हणू शकतो. पण कोण बोललं नाही असलं खोटं? जेवलो म्हणतो, पोचलो म्हणतो, करतो म्हणतो. बाप ऐकतो आणि झोपी जातो. तिचं खोटं त्याच मापाचं होतं, त्याहून वीतभर मोठं नव्हतं, आणि ह्याचाच मला राग येतो.

मंगळवारी दिवसा थ्री फेज, म्हणजे मोटरीची वीज, होती. लिंबाजी विहिरीच्या काठावर बसला, ओल्या मातीत, पाय सोडून. वायर वर ओढली, जोड सोडला. फ्यूज काढले नाहीत. गावात कुणीच काढत नाही. स्टार्टर बंद असला की पुढची वायर मेलेली, हा सगळ्यांचा हिशोब. स्टार्टर फोनवर चालतो आणि फोन लावणारे चौघंच. बायको बाजूच्या भुईमुगात खुरपत होती, पोरगी परभणीला, आणि भावाची पाळी उद्यापासून. त्यानं दातानं वायर सोलली.

दीड वाजता अपेक्षाला केशरबाईचा, म्हणजे महारुद्राच्या बायकोचा फोन आला. "आपू, तुज्या आबाला करंट लागलाय. निघ." तिनं फोन ठेवून दिला.

अपेक्षा गंगाखेडच्या बसमध्ये बसली. आबाला काय झालं, किती लागलं, हे विचार यायच्या आधी तिला उघडा राहिलेला डबा आठवला होता. पोखर्णी मागं पडल्यावर तिनं मोबाईलवर यादी उघडली. कुणाचा फोन केव्हा आला, सगळं त्यात असायचं. अकरा चाळीस, परदेशी नंबर, मोटर चालू. अकरा एक्केचाळीस, बंद. अकरा सेहेचाळीस, महारुद्रकाका, चालू. त्याखाली पानावर त्या परदेशी माणसानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'आज पाणी आलं नाही. तिकडं सगळं ठीक आहे ना?'

कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. बघू नये हे तिला कळत होतं. तिनं बघितलं. मागच्या कोपऱ्यात, विहिरीच्या काठावर, आबाचा एक पाय दिसत होता. अकरा चाळीसला तो पाय ताठ झाला, टाच मातीत रुतली, आणि मग सैल पडला. सहा मिनिटांनी काकाचा फोन आला तेव्हा पाय हलला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं गं माय?" अपेक्षानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग तिनं डबा परक्यांसाठी बंद करायचा मेसेज पाठवला. पाठवायला क्षणभर लागला.

घरी पोचली तर अंगणात माणसं, मधे आबा, आणि खांबाला टेकून महारुद्र. तो कपाळ खांबावर आपटत होता, दोघं जण त्याला धरत होते. "म्या मारलं हो! म्या मारलं माज्या भावाला!"

झालं होतं असं. महारुद्रानं अवस मोजली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. शनिवार, रविवार, सोमवार भाऊचे झाले, मंगळवार आपला, असं धरून त्यानं घरूनच फोन लावला आणि खोरं घेऊन उसाला पाणी द्यायला निघाला. पाणी आलं नाही म्हणून विहिरीकडं गेला, तर भाऊ पडलेला, हातात वायर, आणि स्टार्टर चालू. दुसरं कुणी काय समजेल? पोलीस आले, अपघात म्हणून लिहून घेऊन गेले. महारुद्र त्यांच्या जीपमागं धावला, "मला न्या, मला न्या" करत.

अपेक्षाच्या जिभेला टाळा बसला. चितेपाशी सांगू म्हणाली, सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगू, नाही सांगितलं. गंगाखेडला गोदावरीत दहावा झाला, महारुद्र पाण्यात उतरला तो वर यायला तयार होईना, चौघांनी ओढून काढला. तेव्हाही तिचं तोंड उघडलं नाही. मधे पंडित सरांचा फोन आला. खूप हळहळले. ठेवता ठेवता म्हणाले, "ही वेळ नाही गं, पण निवड झालीय तुझी." ती न्हाणीत जाऊन ओकली.

केशरबाई रोज मायपाशी येऊन बसायची. "वैनी, भाकर खाईनात ते. रातच्याला उठून हिरीवर जातेत. मी पाठीमागं जाते. मला लय भ्या वाटायलंय." माय तिच्या पाठीवरून हात फिरवायची. अपेक्षा दाराआड उभी राहून सगळं ऐकायची. आपण एक वाक्य बोललो तर तो माणूस आज जेवेल, हे तिला ठाऊक होतं. तेच वाक्य बोललो की आपण बापाला मारलेली पोरगी, हेही ठाऊक होतं. ती स्वतःचा इतका तिरस्कार करू लागली की आरशावर तिनं टॉवेल टाकला.

तेराव्याला भावकी जमली. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि महारुद्र उठला. दाढी वाढलेली, अंगात सदरा लोंबायला लागलेला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं मालनबाईच्या पायाशी ठेवलं.

"वैनी, आजपसून हीर तुमची. माजी पाळी म्या सोडली. पंचांसमोर सांगतो, पान्याचा थेंब घेनार न्हाई."

"आरं महारुद्रा," एक म्हातारा म्हणाला, "ऊस वाळंल. लेकरायला काय घालशील?"

"वाळू दे. ज्या पान्यासाठी भाऊ मारला ते पानी लेकरायला पाजू?"

आणि तेव्हा अपेक्षाचा बांध फुटला. ती अंगणात आली आणि ओरडून बोलली. "काका, तुमी न्हाई! तुमी न्हाई मारलं! तुमच्या फोनाच्या आधीच आबा गेले व्हते. माज्यामुळं गेले. म्या डबा उघडा ठिवला व्हता. एका परदेशी मानसानं फोन लावला, अकरा चाळीसला. आबानं इचारलं बंद केलं का, म्या केलं म्हनलं, अन् केलं नव्हतं!"

महारुद्र तिच्याकडं बघत राहिला. मग जवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लेकरा," तो म्हणाला, "मला वाचवायला तू सोताच्या अंगावर घेऊ नको. तशा बापाची लेक शोभलीस."

"खोटं न्हाई, काका! माज्याकडं सगळं हाय, दिसतंय त्यात." तिनं मोबाईल पुढं केला. त्यानं डोळे मिटून मान फिरवली. "ते दावू नको मला. म्या बगितलंय त्येला. अन् तिकडचा कोन मानूस, त्यो कशाला आपली मोटर चालू करंल? त्येचं काय पिकतंय इतं?"

"पोरीच्या डोक्यावर परिनाम झालाय," कुणीतरी हळू म्हणालं. "धरा तिला."

अपेक्षा मायकडं वळली. "माय, तू सांग. तू व्हतीस. फोन स्पीकरवर व्हता, ऐतवारी संध्याकाळी. तू भांडी घासत व्हतीस. आबानं इचारलेलं तू ऐकलंस, म्या काय म्हनलं ते बी ऐकलंस. सांग की!"

सगळ्या माना मालनबाईकडं वळल्या. महारुद्रही बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तेरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं, जणू कुणी नाव घेऊन हाक मारली. मालनबाई पोरीकडं बघत राहिली. मग तिनं पदर सारखा केला.

"म्या काय बी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "चार दिस झाले, पोरीच्या पोटात अन्न न्हाई. केसर, आत घे तिला."

महारुद्राच्या डोळ्यांतलं ते गेलं. त्यानं खाली बसून उपरणं वैनीच्या पायाशी आणखी पुढं सरकवलं. मालनबाईनं ते उचललं.

केशरबाईनं अपेक्षाला धरून आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, "बाई माजी, गुनाची माजी" म्हणत तिचे गाल पुसले. तिच्या नवऱ्यासाठी ही पोर स्वतःवर बालंट घ्यायला निघाली, म्हणून तिचा ऊर भरून आला होता. थोड्या वेळानं मालनबाई आत आली. जावेला बाहेर पाठवलं, दार लोटलं, कडी घातली.

"माय, तू ऐकलं व्हतंस."

"ऐकलं व्हतं."

"मंग?"

"त्या दिवशीच कळलं मला. कुनी सांगायची गरज न्हवती." मालनबाईचा आवाज सपाट होता, धान्य पाखडताना बोलावं तसा. "तुजं तोंड बगू वाटत न्हाई मला, आपू. खरं सांगते. सकाळी उठले की आदी त्येच मनात येतंय. पन एक मानूस गेलंय माजं. तू गावाच्या तोंडी गेलीस तर दोन जातील. मला दुसरं कोन हाय?"

"अन् काका?"

मालनबाईनं कडी नीट बसवली. बाहेर भावकी उठत होती, चपला शोधत होती. कुणीतरी महारुद्राला समजावत होतं आणि तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, अवस धरायची नसते, आपल्याला माहीत होतं, तरी आपण धरली.

"काकाचं काय, माय? ते मरतील."

"केसर हाय त्येच्या मागं," मालनबाई म्हणाली.

अपेक्षा दाराकडं धावली. पण दाराला पाठ लावून माय खाली बसली होती, आणि उठत नव्हती.